सह्या पुरे झाल्या!

कुलगुरू मधोमध. एका हाताला कंपनीचे मनुष्यबळ विभागप्रमुख, दुसऱ्या हाताला कुलसचिव, मागे दोघांची बोधचिन्हे छापलेला फलक. फायलींची अदलाबदल होते, छायाचित्रकार ‘सर, इकडे बघा’ म्हणतो, शाल-श्रीफळ होते आणि संध्याकाळपर्यंत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तयार मजकूर येऊन पडतो: अमुक विद्यापीठ आणि तमुक उद्योगसमूह यांच्यात तंत्रज्ञान संशोधनासाठी सामंजस्य करार. महिना सरत नाही तोच दुसरा करार, दुसरी शाल, दुसरा मजकूर. एवढ्या करारांच्या निम्म्यानेही काम झाले असते, तर आज महाराष्ट्राला तंत्रज्ञानासाठी जगापुढे हात पसरावा लागला नसता.

हे करार कोणी उघडून वाचतो काय? वाचावेत. ‘उभय पक्ष सहकार्याच्या शक्यता पडताळून पाहतील’, ‘ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी प्रयत्नशील राहतील’ अशी वाक्ये पानोपानी सापडतात. मुदत तीन वर्षांची. आणि शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर, एक कलम हमखास असते: या करारामुळे कोणत्याही पक्षावर आर्थिक दायित्व येणार नाही. सगळ्या दस्तऐवजातले प्रामाणिक वाक्य तेवढेच! पैसा द्यायचा नाही, माणूस द्यायचा नाही, प्रश्न सांगायचा नाही आणि उत्तर मागायचे नाही, हे दोघांनी लेखी कबूल केलेले असते. मग विद्यापीठाला मिळते काय? नॅकच्या अहवालात करारांची संख्या एकाने वाढते. कंपनीला मिळते काय? वर्षाकाठी शे-दीडशे पोरे एका दिवसात भरती करून घेण्याची सोय. म्हणून तर करारावर सही संशोधन विभागाच्या प्रमुखाची नसते, मनुष्यबळ विभागाची असते. कंपनी विद्यापीठात ज्ञान शोधायला आलेलीच नाही. ती स्वस्त हात मोजायला आली आहे. आणि विद्यापीठ ते मोजून देण्यात धन्यता मानते आहे.

आम्ही आज या दोघांनाही आणि दोघांच्या मधे बसलेल्या सरकारलाही खडसावून विचारणार आहोत.

प्रथम उद्योगपती. देशाच्या एकूण उत्पन्नापैकी संशोधनावर आपण खर्च करतो ०.६४ टक्के. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास आहे, चीन अडीच टक्क्यांच्या पुढे गेला आहे. सरकारने हात आखडता घेतला म्हणून हे झाले, असे सांगण्याची आपल्याकडे फॅशन आहे. आकडे वेगळेच सांगतात. कोरियात आणि चीनमध्ये संशोधनाच्या खर्चाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भार उद्योगजगत उचलते. भारतात खासगी क्षेत्राचा वाटा २०१७-१८ साली ३६.८ टक्के होता आणि २०२०-२१ साली ३६.४ टक्के. पुढे जायचे सोडाच, पाऊल मागे पडले. संशोधनावरच्या शंभर रुपयांसाठी करपात्र उत्पन्नातून दोनशे रुपयांची वजावट द्यावी एवढी उदार सवलत या देशात वर्षानुवर्षे होती. २०१७-१८ पासून ती दीडपट झाली आणि २०२०-२१ पासून सरळ शंभराला शंभर. सवलत गेली म्हणून मंडळींनी टाहो फोडला. पण होती तेव्हा काय दिवे लावले? विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला पाहुणा म्हणून यायचे, ‘आजचे पदवीधर नोकरीच्या लायकीचे नाहीत’ असे सुनवायचे, टाळ्या घ्यायच्या आणि गाडीत बसायचे, हा आमच्या उद्योगपतींचा शिक्षणाशी असलेला एकमेव संबंध. पदवीधर लायक नाहीत हे खरे असेलही. पण ज्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला सुटा भाग मिळत नाही म्हणून चादर पांघरून ठेवले आहे, त्या प्रयोगशाळेला आपण कधी एक रुपया दिला होता काय? कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढून ठेवायला सांगितले आणि २०१९ साली त्या यादीत सार्वजनिक विद्यापीठांतले संशोधनही घातले. तरीही त्या पैशातून उभे राहताना दिसतात ती बसथांब्यांची छपरे, बगिच्यांची बाके आणि त्यांवर ठळक अक्षरांत कंपनीचे नाव. बाकावर नाव दिसते, प्रबंधात दिसत नाही, हे त्यामागचे अर्थशास्त्र!

मुंबईचे उद्योगपती नेहमी असेच होते असे मात्र नाही, आणि म्हणूनच आजच्या पिढीचा राग येतो. १८८७ साली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली ती गिरणीमालकांच्या पैशावर, कारण गिरण्यांना यंत्रे चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसे हवी होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवली, तेव्हा उद्योग आणि शिक्षण ही दोन निराळी खाती आहेत असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. याच व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, गोऱ्या साहेबाच्या राज्यात बढती डावलली गेल्यावर नोकरीवर लाथ मारून बाहेर पडले आणि लोखंडी नांगर करू लागले. वर्गातला मास्तर कारखानदार झाला, ही आमची परंपरा. जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्थेसाठी मुंबईतल्या मिळकती देऊ केल्या. संस्था उभी राहिली बंगळूरला, १९०९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. पैसा मुंबईचा, जमीन म्हैसूरच्या महाराजांची. महाराष्ट्राच्या हातून निसटलेला पहिला मोठा प्रकल्प कोणता, असे कोणी विचारले तर तो हा!

आणि मग १९३३. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, ज्याला पुढे अख्ख्या देशाने यूडीसीटी म्हणून ओळखले आणि जो आज माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून उभा आहे. सुरुवातीच्या दोन शाखा पाहा: वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. शहरात गिरण्या होत्या, त्यांना रंगाईचे, धुलाईचे, कापडावरच्या प्रक्रियेचे प्रश्न होते, म्हणून पहिली शाखा. कागदी सहकार्य नव्हते, गरज होती. १९६४ साली मनमोहन शर्मा नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण केंब्रिजहून परतून इथे प्राध्यापक झाला. कारखान्यांना सल्ला देणे हे प्राध्यापकी पेशाला कमीपणाचे आहे असे त्याने मानले नाही. कारखान्यातला प्रश्न फळ्यावर आणायचा, फळ्यावरचे समीकरण कारखान्यात न्यायचे, या ये-जा करण्यातून एका विभागाने देशाचा रसायन उद्योग घडवला. पुढे रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले ते याच शर्मांना. रघुनाथ माशेलकर त्या संस्थेचे, अंजी रेड्डी त्या संस्थेचे, मुकेश अंबानीही त्याच संस्थेचे. २०२५ साली अंबानींनी गुरुदक्षिणा म्हणून या संस्थेला १५१ कोटी रुपये दिले आणि त्याला कोणतीही अट घातली नाही. दानशूरपणा म्हणून त्याला नमस्कार. पण सर्वात श्रीमंत अशा एका विद्यार्थ्याला आपल्या गुरूची आठवण झाली, यावर राज्याचे संशोधन धोरण चालत नसते. बाकीच्या विद्यापीठांनी आपापला अंबानी जन्माला येण्याची वाट पाहायची काय?

आता विद्यापीठे. त्यांची कीव करावी की कान धरावा, हेच कळत नाही. विद्यापीठ म्हणजे आमच्याकडे परीक्षा घेण्याचा कारखाना. शेकडो संलग्न महाविद्यालये, लाखो उत्तरपत्रिका, हॉलतिकिटे, पुनर्मूल्यांकन, आणि निकाल लागेपर्यंत पुढच्या परीक्षेचे वेळापत्रक. २०१७ साली मुंबई विद्यापीठात ऑनलाइन मूल्यमापनाचा घोळ झाला, निकाल रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावे लागले. योग्यच झाले. पण संशोधन झाले नाही म्हणून या राज्यात कोणा कुलगुरूची खुर्ची कधी हलली आहे काय? ज्या गोष्टीसाठी खुर्ची जात नाही, ती गोष्ट कोणी करीत नाही. हा सरकारी नोकरीतला आद्य नियम आहे. विभागात मंजूर पदे डझनभर, भरलेली चार-पाच, उरलेला गाडा तासिका तत्त्वावरच्या माणसांच्या खांद्यावर. ज्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही सहा-सहा महिने उशिरा, त्याने कोणत्या तासाला संशोधन करायचे? आणि जो कायम आहे, त्याला पदोन्नतीसाठी गुण हवेत. गुण मिळतात शोधनिबंधांचे. मग पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांत निबंध छापून येतात, जे लिहिणाऱ्याने एकदा वाचलेले असतात आणि दुसऱ्या कोणी एकदाही वाचलेले नसतात. कारखान्यातला एक प्रश्न सोडवला, त्यातून कंपनीचा कच्चा माल वाचला, कामगाराचा हात वाचला, तर त्याला गुण किती? मंडळी, तक्ता काढून बघा.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र मंडळ करायला सांगितले. भरदार नाव! मंडळे झाली, संचालक नेमले गेले, पाट्या लागल्या. पण एखादा प्राध्यापक उद्योगाकडून पैसा घेऊन आला, तर तो पैसा वित्त विभागाच्या कोणत्या शीर्षाखाली जमा करायचा, यातच पहिले वर्ष जाते. लाखभराचे उपकरण घ्यायचे तर तीन दरपत्रके, मग निविदा, मग खरेदी समिती, मग लेखापरीक्षणाची हरकत. कंपनीचा माणूस दोन वेळा फोन करतो, तिसऱ्यांदा करीत नाही. तो चेन्नईला जातो. तिथे आयआयटी मद्रासच्या आवारालगत २०१० पासून संशोधन उद्यान उभे आहे. कंपन्यांच्या प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांच्या खोल्या यांच्यात चालत जाण्याएवढे अंतर. करार तिथेही होतात, पण सही झाल्यावर माणसे एकमेकांकडे चहाला जातात.

आणि सरकार! २०२२ साली तळेगावला येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेला तेव्हा केवढा गहजब झाला. प्रकल्प पळवला म्हणून मोर्चे, पत्रकार परिषदा, छाती पिटणे. वर्षभरात फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि सगळेच शांत झाले. फॉक्सकॉन ज्या तैवानची, त्या तैवानने काय केले हे त्या गदारोळात एकाही पुढाऱ्याने सांगितले नाही. तैवानने १९७३ साली औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था काढली, १९८० साली शिंचूला दोन विद्यापीठांच्या शेजारी विज्ञान उद्यान वसवले आणि त्याच संशोधन संस्थेच्या पोटातून १९८७ साली टीएसएमसी ही कंपनी जन्माला आली, जिच्या चिपांवाचून आज जगाचे पान हलत नाही. आधी प्रयोगशाळा, मग उद्यान, शेवटी कारखाना. आम्हाला तिसरी पायरी हवी, तीही अनुदानावर, आणि पहिल्या दोन पायऱ्यांचा उल्लेख केला की विधिमंडळात पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल ऐकू येतो. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात सत्ताधारी बाकांवरून तो ऐकू आला. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी पोरे पुण्यात आणि आझाद मैदानावर उपाशी बसत होती, त्या काळातली ही गोष्ट. दिल्लीही यात मागे नाही. संशोधन अनुदानावर जीएसटी का भरला नाही म्हणून २०२४ साली आयआयटी दिल्लीला कोट्यवधींची नोटीस गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात जीएसटी परिषदेला सूट जाहीर करावी लागली, हा भाग वेगळा. पण संशोधनावर कर लावावा हे ज्या डोक्यातून निघाले, ते डोके अजून त्याच खुर्चीवर असेल. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा संकल्प झाला, त्यातले छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. येणार कुठून? फायलींची अदलाबदल करणाऱ्यांकडून?

काम कसे होते हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. पवईहून खारघरपर्यंत जावे. रक्ताच्या कर्करोगावरचा एक उपचार घ्या. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालायचे, ज्यामुळे कर्करोगाच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण त्यांना ओळखता येते. मग त्या वाढवून त्याच रुग्णाच्या शरीरात परत सोडायच्या. हा उपचार अमेरिकेत तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. आयआयटी मुंबईतल्या प्रयोगशाळेने आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून तो इथे उभा केला. सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्याकडून चाचण्यांसाठी सुमारे १९ कोटी आले, २०२१ च्या जूनमध्ये पहिल्या रुग्णाला उपचार मिळाला, प्राध्यापकाने कंपनी काढली, हैदराबादच्या लॉरस लॅब्जने तिच्यात भांडवल घातले, २०२३ च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली. किंमत परदेशातल्या साधारण दहाव्या हिश्श्यावर. यात एकही गोष्ट तीन वर्षांच्या मुदतीच्या करारात बसणारी नाही. दशकभर एकच प्रश्न धरून बसण्याची मुभा प्राध्यापकाला होती, रुग्णालय दाराशी होते आणि कंपनी काढलीस म्हणून त्याला कोणी कारणे दाखवा नोटीस पाठवली नाही. आमच्या राज्य विद्यापीठांपैकी कुठे ही मुभा आहे, हे एखाद्या कुलगुरूने छातीवर हात ठेवून सांगावे.

आयआयटी केंद्राची, तिचे लाड होतात, असे म्हणून सुटकाही नाही. कोल्हापूर घ्या. शिवाजी विद्यापीठाचे पदार्थविज्ञान आणि द्रव्यविज्ञान देशात नावाजलेले. पातळ थरांवरचे तिथले निबंध परदेशात वाचले जातात. त्याच शहराच्या वेशीवर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये मोटारींची इंजिने, पंप, ट्रॅक्टर यांचे सुटे भाग ओतले जातात. साचा फोडल्यावर उरलेली जळकी वाळू टाकायची कुठे, हा तिथला वर्षानुवर्षांचा प्रश्न. ओतकामात पोकळी राहिली की नग बाद, वीज फुकट, मजुरी फुकट. वाळू पुन्हा वापरात कशी आणायची, बाद नगांचे प्रमाण कसे उतरवायचे, यावर किती प्रबंध झाले आणि त्यातला किती भाग भट्टीपर्यंत पोहोचला? आकडा विद्यापीठानेच जाहीर करावा. मोठा निघाला तर आम्हाला आनंद होईल. छोट्या फाउंड्रीवाल्याकडे स्वतंत्र संशोधन विभाग काढायला पैसा नसतो. त्याच्यासाठी विद्यापीठ हाच संशोधन विभाग. पण त्याला त्या आवारात कुठल्या दारातून शिरायचे ते ठाऊक नाही, आणि शिरला तर अर्ज कुलसचिवांच्या नावे करा असे सांगतात.

उद्योगाने एकत्र येऊन वर्गणीतून संशोधन चालवणे अशक्य आहे, असे मात्र महाराष्ट्रात कोणी म्हणू नये. साखर कारखान्यांनी ते केले आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली सहकारी कारखान्यांनी उभी केली आणि गाळपावर टनामागे येणाऱ्या वर्गणीचा तिला आधार राहिला. त्या पैशाच्या विनियोगावरून अलीकडे वाद झाले; हिशेब जरूर मागावा, कडक मागावा. पण ऊस पिकवणाऱ्याच्या टनातून संशोधनाला पैसा निघू शकतो, आणि चाकणच्या मोटारीतून, हिंजवडीच्या संगणक सेवेतून, वाळूजच्या औषधाच्या गोळीतून तो निघू शकत नाही, हे कोणते न्यायशास्त्र?

उद्योगाला विद्यापीठात घेतले की विद्यापीठ विकले गेले, अशी हाकाटी करणारा एक पंथ आहे. त्याची भीती सगळीच खोटी नाही. १९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराचे खापर साखरेवरून काढून चरबीवर फोडणारा लेख लिहिला. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाने पैसे मोजले होते, हे उघडकीस यायला २०१६ साल उजाडले. म्हणजे पैसा घेताना लेखणी गहाण पडू शकते. यावर उपाय दार लावून घेणे हा नाही. अटी आपण घालाव्यात: पेटंटच्या अर्जापुरता थोडा अवधी सोडला तर निष्कर्ष छापण्यावर बंदी नाही, विद्यार्थ्याचा प्रबंध कोणी कुलुपात ठेवणार नाही, पैसा कोणाचा ते निबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असेल. कंपनीला हे मान्य नसेल तर तिने आपले बसथांबे बांधावेत. पण विद्यापीठ पवित्र ठेवायचे म्हणून त्यात काहीच घडू द्यायचे नाही, ही शुचिता आम्हाला मान्य नाही. आज तिथे विकण्यासारखे काही शिल्लकच नसेल, तर विकले जाण्याची भीती तरी कशाची?

आमची मागणी सरळ आहे. १९६४ पासून हे राज्य सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली उद्योगांना सवलती देत आले आहे: करपरतावा, मुद्रांक शुल्कात माफी, विजेत सूट. हा जनतेचा पैसा. मोठ्या उद्योगांना मिळणाऱ्या या सवलतीतला ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्याच्या राज्य विद्यापीठात संशोधनावर खर्च केल्याखेरीज उरलेला हिस्सा मिळणार नाही, अशी अट पुढच्या शासन निर्णयात घाला. रोख रक्कम, नेमका प्रश्न, नाव असलेला माणूस. छोट्या कारखानदारांसाठी औद्योगिक वसाहतीच्या संघटनेमार्फत वर्गणी आणि तेवढीच रक्कम सरकारची. विद्यापीठांनी उद्योगाकडून आलेला प्रकल्प पदोन्नतीच्या तक्त्यात शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा, प्राध्यापकाला दोन वर्षे कारखान्यात जाऊन परत येण्याची रजा द्यावी, आणि प्रकल्पाचा पैसा खर्च करण्याचा अधिकार वित्त विभागाकडून काढून त्या प्राध्यापकाच्या हाती द्यावा. चुकला तर पकडा. चुकेल म्हणून आधीच हात बांधू नका. रिक्त पदे भरण्याबद्दल आम्ही इतक्यांदा लिहिले आहे की पुन्हा लिहिण्याची लाज आम्हालाच वाटते; सरकारला ती वाटत नसेल तर न वाटो, पदे भरा.

आणि कुलगुरूंनो, तुमच्याकडून एकच कागद हवा. गेल्या पाच वर्षांत विद्यापीठाने केलेला प्रत्येक सामंजस्य करार, त्यासमोर उद्योगाकडून खात्यात जमा झालेली रक्कम, ज्याने काम केले त्या संशोधकाचे नाव आणि कोणता प्रश्न सुटला याची एक ओळ. एवढा तक्ता संकेतस्थळावर टाकायला समिती नेमावी लागत नाही. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत तो आला नाही तर माहितीच्या अधिकाराखाली आम्ही मागवू, आणि ज्यांच्या रकान्यात शून्ये असतील त्यांची नावे करारांच्या तारखांसह पहिल्या पानावर छापू.